मूत्राशयाचा कॅन्सर : कोणती मार्कर चाचणी, कधी आणि कितीला?

लघवीतून रक्त गेले, दुर्बिणीने गाठ काढली, रिपोर्टमध्ये 'युरोथेलियल कार्सिनोमा' आले. आता काही दिवसांत तुमच्यापुढे चाचण्यांची यादी येईल : पीडी-एल१, हर२, एफजीएफआर, एमएमआर, एनजीएस. कुठे दोन हजार, कुठे लाखभर. यातल्या काही चाचण्यांवर तुमचे औषध ठरते. काही चाचण्या आज केल्या काय आणि सहा महिन्यांनी केल्या काय, उपचार तोच राहतो. म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा : "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय देणार आणि निगेटिव्ह आला तर काय देणार?" दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर ती चाचणी सध्या बाजूला ठेवा.

आधी टप्पा, मग चाचणी

रिपोर्टवर टीए, टी१ किंवा सीआयएस लिहिले असेल, तर आजार मूत्राशयाच्या आतल्या थरांपुरता आहे. बहुतेक रुग्ण याच टप्प्यावर सापडतात. उपचार म्हणजे दुर्बिणीतून गाठ पूर्ण खरवडणे, म्हणजेच टीयूआरबीटी, आणि गरजेनुसार मूत्राशयात बीसीजी हे औषध सोडणे. बीसीजी द्यायचे की नाही हे गाठीची श्रेणी, आकार, संख्या आणि खोली यांवर ठरते. त्यासाठी महाग जनुकीय चाचणी लागत नाही. एफजीएफआर३ मधला बदल या टप्प्यात वारंवार सापडतो, पण त्यावरची गोळी पसरलेल्या आजारासाठी आहे. इथे एनजीएसवर, म्हणजे एकदम अनेक जीन वाचणाऱ्या चाचणीवर, पैसे घालू नका.

या टप्प्यावर रिपोर्टमधली एक ओळ मात्र नीट वाचा : 'मसक्युलॅरिस प्रोप्रिया' किंवा 'डिट्रूसर मसल'. पुढे 'प्रेझेंट' लिहिले असेल तर तुकड्यांत स्नायू आला आहे आणि 'स्नायूत शिरलेला नाही' या निदानावर भरवसा ठेवता येतो. 'नॉट सीन' किंवा 'अ‍ॅबसेंट' असेल आणि गाठ हाय ग्रेड असेल, तर निदान अर्धवट आहे. अशा वेळी, आणि टी१ मध्येही, साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा टीयूआरबीटी करतात. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च टाळावासा वाटेल. टाळू नका. कोणत्याही मार्करपेक्षा ही माहिती मोलाची आहे.

टी२ किंवा त्यापुढचा टप्पा, पण आजार बाहेर पसरलेला नाही : आता प्रश्न सिसप्लॅटिन ही केमो झेपेल का, हा. त्याचे उत्तर देणारी चाचणी सर्वांत स्वस्त आहे. रक्तातले क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्स. मिनिटाला ६० मिलिलिटर हा नेहमीचा उंबरठा. सोबत ऐकू येणे, हातापायांतल्या मुंग्या, हृदयाची ताकद आणि रुग्णाची हालचाल पाहतात. सिसप्लॅटिन लागू पडेल का हे सांगणारे ईआरसीसी२, एटीएम, आरबी१ असे जीन अजून संशोधनाच्या पातळीवर आहेत. केवळ त्यांच्यासाठी खिशातून पैसे भरायची गरज नाही.

मूत्राशय काढून झाले : इथे एक नवी चाचणी पुढे येते, रक्तात गाठीच्या डीएनएचे अवशेष शोधणारी सीटीडीएनए. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएमव्हिगर०११ या अभ्यासात ऑपरेशननंतर जे सीटीडीएनए पॉझिटिव्ह आले, त्यांना अ‍ॅटेझोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी दिल्यावर आयुर्मानाचा मध्यांक ३२.८ महिने मिळाला, प्लॅसिबो गटात २१.१ महिने. सतत निगेटिव्ह राहिलेल्यांना औषधाविना नुसते निरीक्षणाखाली ठेवले आणि त्यातल्या बहुसंख्यांचा आजार उलटला नाही. म्हणजे चाचणी उपयोगाची आहे. पण ती एकदा करून भागत नाही. आधी गाठीचा नमुना वाचून तुमच्यापुरती चाचणी बनवतात, मग ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा रक्त. कोटेशन घेताना 'पहिल्या वेळचे इतके आणि पुढच्या प्रत्येक वेळचे इतके' असे दोन आकडे मागा. पॉझिटिव्ह आल्यावर इम्युनोथेरपी परवडणारच नसेल, तर हा खर्च आधीच थांबवा.

आजार पसरला आहे : मार्कर चाचण्यांची खरी जागा ही. एफजीएफआर३, हर२ आणि एमएमआर या तीन नावांपासून सुरुवात करा. पहिला उपचार सुरू होतानाच नमुना पाठवा, म्हणजे पुढचे औषध निवडायची वेळ येईल तेव्हा रिपोर्ट हातात असेल. रिपोर्टची वाट पाहत केमो मात्र लांबवू नका.

कोणता मार्कर कोणत्या औषधासाठी

एफजीएफआर३ : यात बदल सापडला तर अर्डाफिटिनिब ही गोळी. अमेरिकेत २०१९ मध्ये तात्पुरती आणि जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण मान्यता. थॉर या अभ्यासात आयुर्मानाचा मध्यांक १२.१ महिने, केमोवर ७.८ महिने. पसरलेल्या आजारात ढोबळमानाने दर पाच-सहा रुग्णांत एकाला हा बदल असतो. मूत्रनलिकेच्या वरच्या भागातल्या, म्हणजे किडनीकडच्या गाठीत तो जास्त आढळतो.

हर२ : आयएचसीवर, म्हणजे प्रथिनांच्या रंगचाचणीवर, ३+ आले तर ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकनचा विचार होतो. कोणत्याही अवयवातल्या हर२ ३+ गाठीसाठी, आधीचे उपचार संपल्यावर, अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

एमएमआर किंवा एमएसआय : डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेची चाचणी. दोष सापडला तर इम्युनोथेरपी चांगली लागू पडण्याची शक्यता वाढते. शिवाय लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचा माग लागतो. घरात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर ही चाचणी चुकवू नका.

पीडी-एल१ : सर्वांत जास्त लिहिली जाणारी, पण आता महत्त्व कमी झालेली चाचणी. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी पीडी-एल१ न बघता देतात. ईव्ही-३०२ अभ्यासात तिने आयुर्मानाचा मध्यांक १६.१ वरून ३१.५ महिन्यांवर नेला. केमोनंतरचे अ‍ॅव्हेलुमॅबही पीडी-एल१ न बघता देतात. ऑपरेशननंतरच्या निव्होलुमॅबसाठी युरोपात पीडी-एल१ लागते, अमेरिकेत लागत नाही. तेव्हा 'कोणत्या औषधासाठी?' हे विचारल्याशिवाय पीडी-एल१ करू नका. करायचेच असेल तर फॉर्मवर अँटिबॉडीचे नाव लिहून घ्या. पेम्ब्रोलिझुमॅबसाठी २२सी३ वापरतात आणि सीपीएस मोजतात; एसपी१४२ ची मोजणी वेगळी. रिपोर्टवर नुसते 'पॉझिटिव्ह' असेल आणि आकडा व अँटिबॉडी नसेल, तर रिपोर्ट परत करा.

दर आणि दिवस

पुढचे आकडे शहरांतल्या खासगी लॅबचे ढोबळ पल्ले आहेत. तुमच्या लॅबचा दर लेखी घ्या.

- लघवीची सायटॉलॉजी : ५०० ते १,५०० रुपये, २ ते ३ दिवस.
- क्रिएटिनिन : १५० ते ३०० रुपये, त्याच दिवशी.
- दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड-ब्लॉक रिव्ह्यू : १,५०० ते ४,००० रुपये, ३ ते ७ दिवस.
- हर२ आयएचसी : १,५०० ते ३,५०० रुपये, ३ ते ५ दिवस. २+ आल्यास फिश चाचणी लागू शकते. तिचे ८,००० ते १५,००० वेगळे.
- एमएमआरची चार प्रथिने : ५,००० ते १०,००० रुपये, ४ ते ७ दिवस.
- पीडी-एल१ : ५,००० ते १२,००० रुपये, ४ ते ७ दिवस.
- फक्त एफजीएफआर, पीसीआर पद्धतीने : १०,००० ते २०,००० रुपये, ७ ते १० दिवस.
- पन्नासेक जीनचे एनजीएस पॅनेल : २०,००० ते ४५,००० रुपये, २ ते ३ आठवडे.
- पाचशेच्या आसपास जीनचे मोठे पॅनेल : ६०,००० ते सव्वा लाख, नमुना परदेशी गेला तर त्याहून जास्त, ३ ते ४ आठवडे.
- रक्तावरची लिक्विड बायोप्सी : ३०,००० ते ९०,००० रुपये, १० ते १४ दिवस.

मध्यमवर्गीय खिशाला झेपणारा मार्ग बहुतेकदा असा : हर२ आणि एमएमआर आयएचसीवर, एफजीएफआर३ पीसीआरवर किंवा छोट्या पॅनेलवर. छोटे पॅनेल घेताना दोन प्रश्न विचारा. एफजीएफआर३ त्यात आहे का? आणि फ्यूजन, म्हणजे दोन जीनची जोडणी, पकडण्यासाठी आरएनए तपासतात का? दुसरे उत्तर 'नाही' असेल, तर काही बदल निसटू शकतात. पाचशे जीनचे पॅनेल घेऊन हाती बऱ्याचदा अर्थ न लागणाऱ्या बदलांची लांबलचक यादी येते. रिपोर्टवर त्यांना 'व्हीयूएस' म्हणतात. त्यांवर औषध ठरत नाही.

बरणी, ब्लॉक आणि स्लाइड

अनेक रुग्णालयांत ऑपरेशननंतर तुकड्यांची बरणी नातेवाइकाच्या हातात देतात आणि 'लॅबला पोचवा' म्हणतात. बरणी घेताना पाहा : आत १० टक्के फॉर्मालिन आहे ना? सलाइन असेल तर नमुना खराब होतो. द्रव तुकड्यांच्या निदान दहापट हवा. झाकणावर नव्हे, बरणीवर नाव, तारीख, वेळ हवी. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन झाले आणि लॅब सोमवारी उघडणार असेल, तर तसे आधी सांगा. फॉर्मालिनमध्ये नमुना दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला की डीएनए तुटतो आणि एनजीएस फसते.

लॅब त्या तुकड्यांचे मेणातले ब्लॉक बनवते : प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर बसवलेली मेणाची वडी, कडेला नंबर. पुढच्या सगळ्या मार्कर चाचण्या याच वडीतून होतात. म्हणून :

ब्लॉक लॅबमधून लेखी अर्जाने मिळतो. अर्जासोबत रुग्णाचे आधार, मूळ रिपोर्टची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी. नातेवाईक जाणार असेल तर रुग्णाचे अधिकारपत्र. काही लॅब ब्लॉक देताना शुल्क घेतात, पावती मागा.

सगळे ब्लॉक एकाच वेळी उचलू नका. गाठ जास्त असलेला ब्लॉक कोणता, हे पॅथॉलॉजिस्टला विचारून तोच घ्या. रिपोर्टवर 'ट्यूमर २० टक्के' किंवा त्याहून जास्त असा उल्लेख असलेला चांगला.

ब्लॉकऐवजी कोटेड स्लाइड चालतील का, हे चाचणीच्या लॅबला आधी विचारा. ब्लॉक घरी राहील आणि हरवायची भीती कमी.

उन्हात तापलेल्या गाडीत ब्लॉक ठेवू नका. बर्फ नको. डबीत, कापसात, सरळ.

हाडातून घेतलेली बायोप्सी असेल तर आम्लाने मऊ केलेली आहे का, ते लॅबला सांगा. अशा नमुन्यावर जनुकीय चाचणी बऱ्याचदा फसते. तीन-चार वर्षांहून जुना ब्लॉक असेल तरी आधी विचारा.

लपलेले खर्च

नमुना अपुरा : रिपोर्टऐवजी 'क्यूएनएस' असा शेरा येतो. पैसे परत मिळतात का, किती, नवा नमुना दिला तर फी पुन्हा लागते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

बाहेर पाठवणे : पाटीवर एनएबीएल असते, पण जनुकीय चाचणी दुसऱ्या शहरातल्या लॅबकडे जाते आणि मधले कमिशन तुमच्या बिलात बसते. 'चाचणी प्रत्यक्ष कुठे होते आणि त्याच चाचणीला तिथली एनएबीएल किंवा कॅप मान्यता आहे का?' हे विचारा. शक्य असेल तर त्या लॅबला थेट फोन करून दर काढा. फरक हजारांत असू शकतो.

कट : चिठ्ठीवर एकाच लॅबचे नाव आणि 'इथेच करा' असा आग्रह असेल, तर सावध व्हा. डॉक्टरांनी रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे वैद्यकीय नियमांत बसत नाही. चाचणी कुठे करायची हे ठरवायचा हक्क तुमचा आहे.

जीएसटी : निदान चाचण्यांवर जीएसटी नाही. बिलात दिसला तर काढायला सांगा.

'कॅन्सर पॅकेज' : सीईए, सीए १९-९, सीए-१२५ अशा रक्ताच्या मार्करचे पॅकेज मूत्राशयाच्या कॅन्सरवरचा उपचार ठरवत नाही. सवलत कितीही असो, घेऊ नका.

लघवीच्या मार्करची किट : एनएमपी२२ किंवा युरोव्हिजन फिश यांनी दुर्बीण तपासणी वाचत नाही. लघवीत रक्त, खडा किंवा जंतुसंसर्ग असेल तर एनएमपी२२ खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. युरोलॉजिस्टने कारण सांगितले तरच करा.

औषधामागचा खर्च : अर्डाफिटिनिब सुरू झाल्यावर १४ ते २१ दिवसांत फॉस्फेट, पहिले चार महिने दरमहा डोळे, पुढे दर तीन महिन्यांनी डोळे. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकनसाठी टूडी इको आणि फुप्फुसांवर लक्ष. औषधाच्या किमतीत हे धरलेले नसते, तुम्ही धरा.

पैसे कुठून

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत : मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कागद : रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड असेल तर ते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. ७० वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. हा आजार उतारवयात जास्त होतो, तेव्हा आजोबांचे कार्ड आधीच काढून ठेवा. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजे आहेत. मार्कर चाचणी पॅकेजमध्ये धरली आहे की वेगळी भरायची, हे आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वी समजून घ्या. गोव्यात राहत असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा.

धर्मादाय रुग्णालये : मुंबई-पुण्यातली अनेक मोठी खासगी रुग्णालये धर्मादाय ट्रस्टची आहेत. कायद्याने तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.

टाटा मेमोरियल, परळ : नोंदणी करताना जनरल आणि प्रायव्हेट यांतला वर्ग विचारपूर्वक निवडा, दरांत मोठा फरक पडतो. सगळे मूळ रिपोर्ट, सीडी, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन जा, नाहीतर फेरी वाया जाते. मुंबईला जाणे जमत नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचे लेखी मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून मिळते. लाखाच्या पॅनेलआधी हे मत घेणे शहाणपणाचे.

कंपनीच्या खर्चाने चाचणी : काही औषध कंपन्या पीडी-एल१ किंवा जनुकीय चाचणीचा खर्च उचलतात. फॉर्म डॉक्टरांकडून भरावा लागतो. 'स्पॉन्सर्ड टेस्टिंग सुरू आहे का?' हे तुम्हीच विचारा. आपणहून सांगतीलच असे नाही. संमतीपत्रात तुमची माहिती कुणाला जाते ते वाचा.

आरोग्य विमा : नुसत्या ओपीडीतली चाचणी बहुतेक पॉलिसींत बसत नाही. दाखल होण्याआधीचे ३० किंवा ६० दिवस आणि नंतरचे ६० किंवा ९० दिवस यांत, त्याच आजारासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झालेली चाचणी बसू शकते. म्हणून तारखा जुळवा. डिस्चार्ज कार्डवर 'मार्कर चाचणीचा सल्ला' लिहून घ्या. चिठ्ठी, बिल, पैसे भरल्याची पावती, रिपोर्ट हे चारही मूळ कागद ठेवा. पॉलिसीत इम्युनोथेरपी आणि ओरल केमोथेरपी यांवर उपमर्यादा आहे का ते पाहा. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. जुन्या करप्रणालीत असाल तर ८०डीडीबीच्या वजावटीबद्दल सीएला विचारा. तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला लागतो.

कोणते शॉर्टकट चालतात, कोणते नाही

चालतो : ऑपरेशनपूर्वीच युरोलॉजिस्टला 'नमुना पुढे मार्करसाठीही लागू शकतो' असे सांगणे. दुसऱ्या ठिकाणी उपचाराला गेल्यावर जुनीच चाचणी मान्य करायला सांगणे. ब्लॉक तोच असेल तर पुन्हा करायचे कारण लेखी मागा. नियमानुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात. तारखेची पोच घ्या.

अडचणीत चालतो : गाठीचा नमुना अपुरा असेल तर लिक्विड बायोप्सी. रक्त खास नळीत घेतात; नळी फ्रिजमध्ये ठेवू नका. पॉझिटिव्ह रिपोर्ट कामाचा. निगेटिव्ह आला तर 'बदल नाहीच' असे समजू नका.

चालत नाही : एजंटकडून बिनपावतीची परदेशी 'स्वस्त अर्डाफिटिनिब'. औषध इथे मिळत नसेल तर स्वतःच्या वापरासाठी आयातीचा अधिकृत रस्ता आहे : सीडीएससीओकडे फॉर्म १२ए मध्ये अर्ज, परवानगी फॉर्म १२बी वर, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट.

आणि पैसे मोजकेच असतील, तर क्रम असा ठेवा. आधी स्लाइड-ब्लॉकचा रिव्ह्यू, मग टप्पा ठरवणारे स्कॅन, मग क्रिएटिनिन. आजार मूत्राशयापुरता असेल तर एनजीएसची घाई करू नका. पसरला असेल तर एफजीएफआर३, हर२ आणि एमएमआर चुकवू नका. आणि कोणत्याही चाचणीचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर एक ओळ लिहून घ्या : 'ही चाचणी अमुक औषध ठरवण्यासाठी.' औषधाचे नाव लिहिता येत नसेल, तर ती चाचणी सध्या करू नका.